नवी कुंडी जुनी दिसावी म्हणून: बेळगावकडच्या पाण्यापावसाच्या हिशेबाने

शहापुरातलं माहेरचं घर पाडलं, तेव्हा गच्चीवरच्या अकरा कुंड्यांपैकी तीनच धडपणी माझ्या घरी पोचल्या. कडा झिजलेल्या, पोटावर पांढरे ओघळ, बुडाशी काळपट हिरवं. जोडीला मी पाच नव्या आणल्या आणि एका ओळीत मांडल्या. म्हाताऱ्यांच्या पंगतीत कोरे कपडे घालून आलेली पोरं बसवावीत, तसं दिसायला लागलं. तिथून हा उद्योग सुरू झाला. तीन पावसाळे गेले, दोन कुंड्या वाया गेल्या, पण आता जुन्या कुठल्या आणि नव्या कुठल्या हे घरी येणाऱ्याला सांगावं लागतं.

खानापूरला कुंड्या घ्यायला गेले आणि कशासाठी ते सांगितलं, तेव्हा कुंभारमामा हसले. "अक्का, पैसे देऊन नवी घेतासा आनि जुनी करायला निघालासा व्हय? माझ्याकडं मागच्या अंगाला पडलेल्या हायत की, त्याच न्या." दोन खरंच नेल्या. तुम्हीही आधी ते विचारून बघा. कुंभाराच्या अंगणात पावसात पडून राहिलेली, कडेला जरा टवका गेलेली कुंडी पुष्कळदा कमी पैशांत मिळते आणि तुमचं अर्धं काम झालेलं असतं. तशी मिळाली नाही, तर पुढचं वाचा.

आधी हे समजून घ्या

कुंडीचं जुनेपण म्हणजे पाण्याची करामत. भाजलेल्या मातीला बारीक छिद्रं असतात. आतलं पाणी त्यातून झिरपत बाहेर येतं, वाऱ्याने उडून जातं आणि पाण्यातले क्षार पृष्ठभागावर राहतात. तो पांढरा थर. जुन्या भिंतीला लोणा फुटतो, तोच प्रकार. हिरवं मात्र बाहेरून येतं: ओल, सावली आणि हवेतून येऊन बसलेलं शेवाळ. म्हणजे पांढरं आतून, हिरवं बाहेरून. एवढं लक्षात ठेवलं तर रंगाच्या डब्यांवरचा बराच खर्च वाचेल.

दुसरी गोष्ट आपल्या भागाची. परदेशी व्हिडिओत जुनी कुंडी फिकट पांढरी आणि पोपटी दिसते. आपल्याकडची तशी नसते. इथल्या जांभ्याच्या गडग्यांकडे बघा. पावसाळ्यात हिरवेगार, मार्च-एप्रिलमध्ये काळे. तो काळा थर म्हणजे बहुतेक वेळा उन्हात सुकलेलं शेवाळच असतं. आपली जुनी कुंडी सहा महिने हिरवी आणि सहा महिने काळी असते. उन्हाळ्यात काळी पडली म्हणून कुणी घासायला घेऊ नका. मी घेतली होती.

१. तुमच्याकडे पाऊस किती, ते बघा

आपल्या जिल्ह्यात पश्चिमेकडून पूर्वेला जाताना पाऊस झपाट्याने कमी होतो. मलप्रभा जिथे उगम पावते त्या कणकुंबीकडे, जांबोटीकडे धो धो. बेळगाव शहरात मध्यम. निपाणी-चिक्कोडी ओलांडून रायबाग-अथणीकडे गेलात की कोरडं. एकच कृती सगळीकडे चालत नाही.

खानापूर, जांबोटी, बेळगाव इथले असाल तर हिरव्याचा रस्ता धरा. मे महिन्यात कुंड्या आणा, मृग लागला की शेवाळाचा लेप लावा. अथणी, रायबाग, गोकाककडचे असाल तर शेवाळाच्या नादाला लागू नका, रोज दोनदा पाणी मारून कंटाळाल. तुमच्यासाठी पांढऱ्याचा रस्ता, आणि तो दिवाळीनंतरच्या कोरड्या वाऱ्यात सगळ्यात छान जमतो. निपाणी-चिक्कोडीकडे दोन्ही थोडं थोडं जमतं. माझं घर बेळगावात आहे, म्हणून मी पावसाळ्यात हिरवं करते आणि थंडीत त्यावर पांढरं.

२. कुंडी पारखून घ्या

सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. माझ्या पहिल्या पाचांतल्या दोन कुंड्या एका दुकानातून आणल्या होत्या. छान लालबुंद. लेप लावला तर दुसऱ्या दिवशी सालीसारखा निघून आला. बोटाने घासलं तेव्हा कळलं की कुंडीवर लाल ऑक्साइडचा रंग आणि वर चमक आणणारं काहीतरी मारलेलं होतं. छिद्रं बुजली की पाणी आत-बाहेर होत नाही, मग कुंडी जन्मभर नवीच राहते.

तीन परीक्षा दुकानातच करा. बोट ओलं करून कुंडीवर टेकवा. ओला डाग चटकन शोषला जाऊन फिका झाला पाहिजे. पाणी थेंब होऊन ओघळलं तर ठेवून द्या. मग बोटाच्या पेराने वाजवा. नीट भाजलेली कुंडी खणखणते, तडा गेलेली बद्द वाजते. कच्ची भाजलेलीही बद्दच वाजते, आणि ती तर पावसाळ्यात भिजून भुगा होते. शेवटी आत डोकावून बघा. आतून करडी आणि बाहेरून लाल असेल तर ती सिमेंटची रंगवलेली कुंडी.

आणखी एक खोड म्हणजे मातीत राहिलेला चुनखडीचा बारीक खडा. भाजताना त्याचा कळीचा चुना होतो, नंतर ओल लागली की तो फुगतो आणि वरची खपली उडवतो. मध्ये पांढरा ठिपका असलेला खळगा दिसला तर ओळखा. एखादा असेल तर चालवून घ्या, उलट जुनेपण येतं. कुंडीभर असतील तर मात्र नको.

खानापूरकडे कौलं आणि भांडी करण्याची जुनी परंपरा आहे, खादी-ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची केंद्रीय संस्थाही तिथेच आहे. जमलं तर थेट कुंभाराकडून घ्या. रंग न मारलेली हवी म्हणून आधी सांगितलंत तर ते तशीच ठेवतात. त्यांचं रंगाचं काम वाचतं.

३. सामान

- मोठं घमेलं किंवा टब, कुंडी बुडेल एवढा
- काथ्या, जुना कुंचा, स्पंजाचा तुकडा
- पॉलिश पेपर, ८० नंबरचा जाडा आणि १५० नंबरचा बारीक
- विरवलेला चुना, रंगाच्या दुकानात मिळतो
- ताक, ताजं शेण, मूठभर शेवाळ
- गोणपाट
- रबरी हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा
- फुटक्या कुंडीचं खापर, प्रयोगासाठी

खापराकडे दुर्लक्ष करू नका. प्रत्येक लेप आधी त्यावर लावून दोन दिवस बघायचा.

शेवाळ कुठून आणायचं, हा प्रश्न सगळे विचारतात. आपल्या अंगणातल्या गडग्याचं, मोरीजवळच्या दगडाचं, विहिरीच्या कठड्याचं. किल्ल्याच्या तटबंदीचं किंवा देवळाच्या जुन्या भिंतीचं खरवडू नका. भीमगडच्या अभयारण्यातून काही उचलायचा तर प्रश्नच नाही. मुळात दूरचं शेवाळ आपल्या अंगणात बहुतेकदा जगतही नाही. जिथे कुंडी राहणार, त्याच्या दहा-वीस हातांतलं घ्या.

४. भिजवा

नवी कुंडी रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा. बुडबुडे येतात, येऊ द्या. छिद्रांतली हवा निघते. कोरड्या कुंडीवर लेप लावला की कुंडी त्यातलं पाणी शोषून घेते आणि लेप पापड होऊन गळतो. बाहेर काढल्यावर तासभर उभी ठेवा. ओली हवी, पण पाणी गळणारी नको.

५. कडा झिजवा

हे काम दहा मिनिटांचं आहे, पण लोक टाळतात आणि मग वर कितीही हिरवं-पांढरं केलं तरी कुंडी नवीच वाटते. साच्यातून किंवा चाकावरून उतरलेल्या कुंडीची कड सरळ असते. जुनीची कड हात लागून, उचलून, एकात एक ठेवून झिजलेली असते. कुठे झिजते ते बघा: वरच्या काठाच्या बाहेरच्या अंगाला आणि बुडाच्या कडेला. तेवढंच ८० नंबरने घासा, मग १५० ने हात फिरवा. सगळीकडे सारखं घासू नका. कुंडी ओली असतानाच घासा, धूळ उडत नाही. ती नाकात जाऊ नये. हातोडीने टवके उडवायचा मोह होईल. माझ्या एका कुंडीला टवक्याऐवजी वरून खालपर्यंत तडा गेला. ती आता खापर म्हणून उपयोगी पडते.

६. पांढरं आणायचं तर

दोन तऱ्हा आहेत, एक सावकाश आणि एक झटपट. मी दोन्ही वापरते, पण जीव पहिल्यावर आहे.

सावकाश: बुडाचं भोक बूच किंवा चिखलाच्या गोळ्याने बंद करा. बादलीत दोन मुठी विरवलेला चुना कालवून रात्रभर ठेवा. सकाळी वर स्वच्छ पाणी दिसेल, ती चुन्याची निवळी. ती हलक्या हाताने कुंडीत काठोकाठ ओता आणि कुंडी वाऱ्यावर, सकाळच्या उन्हात ठेवा. दोन-तीन दिवसांत बाहेरचं अंग ओलसर होऊन पांढरट व्हायला लागतं. पाणी उतरलं की पुन्हा भरा. पहिल्या भरण्याला फारसं काही दिसणार नाही, कारण एका लिटर पाण्यात चुना जेमतेम दीड-पावणेदोन ग्रॅमच विरघळतो. चार-पाच वेळा भरावं लागतं. पण जे येतं ते खरं: चुना हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून चुनखडी होतो आणि पावसाने धुतला जात नाही. शिवाय तो कुठे यायचा ते कुंडी स्वतः ठरवते. जिथे माती जरा सैल भाजलेली, तिथे जास्त. हाताने असे डाग काढता येत नाहीत. बोअरचं पाणी जड असेल, म्हणजे तुमच्या नळाच्या तोटीवर पांढरं जमत असेल, तर नुसतं तेच पाणी भरत राहिलात तरी चालतं. वेळ जास्त लागतो, एवढंच.

झटपट: एक वाटी विरवलेला चुना, तीन-चार वाट्या पाणी. कुंचा बुडवून झटका आणि ओल्या कुंडीवर वरून खाली, तुटक तुटक ओढा. दहा मिनिटं थांबून ओल्या फडक्याने अर्धं पुसून काढा. काठाखालच्या खाचेत आणि बुडाशी राहू द्या, पोटावरचं पुसा. ओला चुना फिका दिसतो आणि सुकल्यावर पांढराफटक होतो, म्हणून हात आखडता ठेवा. पहिल्यांदा मी भिंतीला सफेदी देतात तसा लावला आणि दुसऱ्या दिवशी कुंडी गांधीटोपीसारखी पांढरी चमकत होती.

चुन्याबद्दल एक गोष्ट गांभीर्याने. कळीचा चुना घरी विरवू नका. पाणी पडताच तो उकळतो आणि उडतो. विरवलेला चुनाही तीव्र आहे. डोळ्यात गेला तर लगेच वाहत्या स्वच्छ पाण्याने निदान वीस मिनिटं धुवा आणि डॉक्टरांकडे जा. मोजे आणि चष्मा त्याचसाठी. लहान मुलं आसपास असताना बादली उघडी नको.

आणि मीठ वापरू नका. मिठाच्या पाण्याने झटकन पांढरं येतं असं कुणीतरी सांगितलं म्हणून मी एक कुंडी भिजवली. आलं, खरंच सुंदर आलं. पण मिठाचे स्फटिक छिद्रांत वाढतात आणि आतून पापुद्रे सुटायला लागतात. दुसऱ्या उन्हाळ्यात त्या कुंडीचं पोट हाताला लागेल तसं गळत होतं, आणि त्यातली शेवंती तर त्याआधीच गेली. एप्सम सॉल्टही नको, त्याची पांढरी बुरशीसारखी फुलं पहिल्या सरीला वाहून जातात.

७. हिरवं आणायचं तर

सगळीकडे सांगतात, दही लावा. लावून बघितलं. आठवडाभरात करडी बुरशी आली, मुंग्या आल्या, रात्री मांजर येऊन चाटून गेलं. हिरवं आलं शेवटी, पण वास सोसावा लागला. त्यापेक्षा आपला शेणकाला बरा. दहा इंची एका कुंडीसाठी:

मूठभर ताजं शेण, एक वाटी पातळ ताक, अर्धी मूठ शेवाळ माती झटकून कुस्करलेलं, आणि पाणी अंदाजाने. सड्यासाठी कालवतो त्यापेक्षा थोडं घट्ट. काड्या काढून टाका. मिक्सरमधून काढायला सांगतात. तुमच्या घरात ते चालणार असेल तर काढा. मी हातानेच कुस्करते.

भिजवलेल्या कुंडीवर कुंच्याने लावा, पण पुन्हा तेच: सगळीकडे सारखं नको. शेवाळ जिथे पाणी थांबतं तिथे धरतं, म्हणून काठाखाली, नक्षीच्या खाचेत आणि बुडाच्या चार बोटांत जाड लावा. पोटाला नुसता हात फिरवा.

मग कुंडी उत्तरेच्या भिंतीलगत किंवा झाडाखाली ठेवा आणि ओल्या गोणपाटाने सैल झाका. पहिले आठ-दहा दिवस थेट पाऊस लागू देऊ नका, नाहीतर सगळा लेप अंगणात वाहून जातो. वळचणीच्या आत ठेवा. आमच्याकडे मृग-आर्द्रात हवाच एवढी दमट असते की गोणपाट दिवसातून एकदा भिजवला तरी पुरे. दहा दिवसांनी गोणपाट काढा आणि कुंडी पावसात सरकवा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात खाचांत हिरवी झाक दिसते. गणपती येईतो हाताला मऊ लागेल एवढं होतं. एकाच अंगाला यावं असं वाटत असेल तर कुंडी फिरवू नका. जुन्या कुंडीचं उन्हाकडचं तोंड कोरडं आणि भिंतीकडचं हिरवं असतंच.

पांढरं आणि हिरवं दोन्ही हवं असेल तर क्रम चुकवू नका. ताज्या चुन्यावर शेवाळ धरत नाही. आधी पावसाळ्यात हिरवं, मग थंडीत ते सुकल्यावर मोकळ्या जागी चुन्याचे तुटक हात. किंवा चुना आधी केला असेल तर निदान दोन महिने जाऊ द्या.

८. पंधरा दिवसांत लग्न आहे, तर?

तर रंग. पांढरा अॅक्रिलिक थोड्या पाण्यात, स्पंजाने थापटून लगेच पुसणं. त्यावर मळकट हिरवा आणि काळपट तपकिरी, खाचांत. लांबून फोटोत छान दिसतं. ऑइल पेंट कधीही नको, छिद्रं बुजतात आणि पोपडे निघतात. मला हा मार्ग आवडत नाही, पण मांडवाच्या दारात ठेवायच्या कुंड्यांना तीन पावसाळे कोण थांबणार.

९. झाड लावताना

चुना केलेली कुंडी दोन-तीनदा साध्या पाण्याने आतून धुवा, भोक मोकळं करा. तरी आतल्या मातीत थोडा चुना उतरतोच. अनंत, इक्झोरा यांना आंबट माती लागते. चुन्याच्या कुंडीत त्यांची पानं पिवळी पडतात. तिथे कोरफड किंवा सदाफुली लावा. हिरव्या कुंडीत सावलीतली झाडं: नेचे, ब्रह्मकमळ. झाड लावल्यावर पाणी घालणं हीच पुढची कृती, कुंडी आपोआप मुरत जाते.

कुंडीखाली बशी ठेवत असाल तर ती आठवड्यातून एकदा रिकामी करून घासा. शेवाळासाठी ओल हवी, साचलेलं पाणी नको. डेंग्यूचा डास अशाच बशीत आठवड्याभरात तयार होतो.

लोक जिथे चुकतात

एकाच दिवशी सगळ्या कुंड्या करू नका. एक करा, महिनाभर बघा, मग बाकीच्या. पाचही एकदम केल्या तर पाचही सारख्या दिसतात, आणि तेच सगळ्यात खोटं.

ॲसिडने खरवडून जुनं करायचा सल्ला देणारे भेटतील. घराच्या अंगणात ते नको. चुना लावलेल्या कुंडीवर तर आपण कष्टाने आणलेलं सगळं पांढरं फसफसून जातं.

विकण्यासाठी करणार असाल तर 'जुनी' म्हणून विकू नका, 'जुनी दिसणारी' म्हणा. आपल्या कायद्यात शंभर वर्षांहून जुन्या वस्तूला पुरावस्तू मानतात आणि तिच्या विक्रीचे वेगळे नियम आहेत. खोटं वय सांगून त्या भानगडीत कशाला पडायचं.

आणि घरातल्या माणसांना आधी सांगून ठेवा. पहिल्या वर्षी मी सांगितलं नव्हतं. दिवाळीच्या आधी चार दिवस माहेरी गेले होते. परत आले तर सासूबाईंनी काथ्या आणि राख घेऊन दोन कुंड्या लख्ख केलेल्या. "किती घाण धरली होती गं, बघ आता कशा नव्यासारख्या झाल्या." काय बोलणार. पण तुमच्याकडे असं झालं तर पुन्हा लेप लावायची घाई करू नका. छिद्रांत शेवाळ राहिलेलं असतं. त्या दोन कुंड्या मी तशाच भिंतीला लावून ठेवल्या आणि पुढच्या जुलैत, काही न लावता, त्या बाकीच्यांच्या आधी हिरव्या झाल्या.